आधी भोकं बुजवा, मग फायबरग्लास आणा

वाचकाचं पत्र

"गेल्या उन्हाळ्यात आम्ही डेट्रॉइटच्या बाहेर १९५७ साली बांधलेलं घर घेतलं. दोन मजले, खाली बेसमेंट, एका बाजूला गॅरेज आणि गॅरेजच्या वर झोपायची एक खोली. त्या खोलीत सध्या वाईहून आलेल्या माझ्या सासूबाई राहतात. थर्मोस्टॅट ७२ वर ठेवला तरी त्यांचे पाय गारठतात, आणि गॅसचं बिल मात्र वाढतच चाललंय. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, डोकावून पाहिलं तर जॉइस्टच्या (छताच्या आडव्या लाकडी तुळयांच्या) मधे जुनं, दबून चपटं झालेलं, चारेक इंच जाडीचं फायबरग्लास दिसलं. एका कंत्राटदाराने छपराला आतून स्प्रे फोम मारायचे अकरा हजार डॉलर सांगितले, वर 'टॅक्स क्रेडिट मिळेलच' असंही म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं, आधी खिडक्या बदलू. मला वाटतं, दुकानातून फायबरग्लासचे रोल आणावेत आणि सुट्टीच्या दिवशी आपणच घालावेत. पण घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, सासूबाईंना दमा आहे, आणि ही शेवटी काचच. काय करू?"

उत्तर

ताई, तिघांच्या सल्ल्यांत तुमचाच मला सगळ्यात बरोबर वाटतो. तुमच्यासारख्या घराला कमी पैशांत ऊबदार करायचं तर ॲटिकच्या जमिनीवर फायबरग्लास घालणं हाच मार्ग आहे, आणि दोन धडधाकट माणसांना ते स्वतः जमतं. फक्त सुरुवात रोल आणण्यापासून करू नका. रोलच्या आधी एक काम आहे, त्याला पैसे फार थोडे लागतात आणि कष्ट बरेच. ते न करता वर कितीही जाड थर घातला तरी पुढच्या जानेवारीत तुम्ही मला पुन्हा हेच पत्र लिहाल.

त्याहीआधी एक तपासणी करा. तुमचं घर १९५७ सालचं आहे म्हणून सांगते. मास्क लावून ॲटिकमध्ये जा, जुन्या फायबरग्लासची एखादी कड अलगद उचला आणि खाली काय आहे ते विजेरीने पाहा. खाली नुसती लाकडं आणि ड्रायवॉलची, म्हणजे छताला लावलेल्या जिप्समच्या पाट्यांची, पाठ दिसली तर छान. पण चकाकणारे, सोनेरी-करडे, पापुद्रे सुटलेले बारीक खडे पसरलेले दिसले, तर कड परत ठेवा आणि खाली उतरा. ते व्हर्मिक्युलाइट असतं. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक माल माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या एकाच खाणीतून आला, आणि त्या खाणीत सोबत ॲस्बेस्टॉसही होता. म्हणून अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की असा माल दिसला तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला आणि त्याला हलवू नका. तो काढायला परवानाधारक माणसं लागतात. लिबीच्या झोनोलाइट नावाने विकलेल्या मालासाठी एक ट्रस्ट आहे, तो काढण्याच्या खर्चाचा काही भाग परत देतो. तुमच्याकडे हे नसण्याचीच शक्यता जास्त, पण बघितल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

आता मुख्य मुद्दा. फायबरग्लास स्वतः ऊब देत नाही आणि वारा तर अजिबात अडवत नाही. काचेच्या धाग्यांच्या गुंत्यात हवा अडकून स्थिर राहते, आणि ती स्थिर हवा उष्णतेला सावकाश जाऊ देते. हवा वाहायला लागली की सगळा खेळ संपला. तुमच्या फर्नेसमध्ये जो सगळ्यात स्वस्त, आरपार दिसणारा फिल्टर बसतो, तोही काचेच्याच धाग्यांचा असतो, आणि तो लावतात तो हवा त्यातून सहज जावी म्हणूनच. ॲटिकमधल्या थराखाली भोकं असतील तर तिथेही नेमकं तेच होतं.

आणि भोकं असतातच. गरम हवा वर जाते, छताच्या फटींतून ॲटिकमध्ये निसटते, आणि तिची जागा भरायला बेसमेंटच्या कडेने, गॅरेजच्या दाराखालून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. बाहेर जितकी थंडी जास्त, तितकी ही ओढ जास्त. पाय गारठतात पण डोक्याला ऊब लागते, हे त्याचंच लक्षण. तुमची फर्नेस रात्रभर हवा तापवते आणि घर ती आकाशाला देऊन टाकतं.

ही भोकं शोधायला महागडं यंत्र लागत नाही. कडक थंडीच्या, वाऱ्याच्या दिवशी देवघरातली उदबत्ती पेटवा आणि ती ॲटिकच्या झाकणाच्या कडेने, छतातल्या दिव्यांच्या बाजूने, बाथरूमच्या पंख्याजवळ, बाहेरच्या भिंतीतल्या स्विचबोर्डांशी हळूहळू फिरवा. धूर आडवा पळाला किंवा वर ओढला गेला की तिथे फट आहे. मग ॲटिकमध्ये जाऊन जुन्या फायबरग्लासचा रंग बघा. जिथे ते काळपट, मळकं झालंय तिथे बुरशी असेल असं वाटून लोक घाबरतात. बहुतेक वेळा ती धूळ असते: वर्षानुवर्षं घरातली हवा तिथून वर गेली आणि धाग्यांनी तिच्यातली धूळ गाळून धरली. तो काळा डाग म्हणजे भोकाचा पत्ता. तिथला तुकडा बाजूला केलात की खाली वायरचं छिद्र, पाइपभोवतीची फट किंवा भिंतीच्या डोक्यावरची उघडी खाच सापडेल.

बुजवायचं कसं ते फटीच्या आकारावर ठरतं. पाव इंचापर्यंत कॉकिंगची, म्हणजे फटीत भरायच्या लेपाची, नळी पुरते. त्याहून मोठ्या, साधारण तीन इंचांपर्यंतच्या फटीला डब्यातला फोम. त्याहून मोठं काही असेल, म्हणजे भिंतींच्या मधून सरळ खाली गेलेली पोकळी किंवा बाथटबच्या वरची उघडी जागा, तर कडक फोमबोर्डचा किंवा ड्रायवॉलचा तुकडा कापून बसवा आणि त्याच्या कडा फोमने बंद करा. आतल्या भिंती जिथे ॲटिकला भेटतात त्या रेषा लांबच लांब असतात, ड्रायवॉल आणि लाकूड यांच्यामधली ती केसभर फट घरभर मोजली तर बरीच मोठी भरते. ते काम कंटाळवाणं आहे, गुडघ्यांवर सरपटत करायचं आहे, आणि त्याने फरक मोठा पडतो. धुराड्याभोवतीची आणि फर्नेसच्या धूरनळीभोवतीची फट मात्र फोमने कधीही भरू नका. तिथे पत्रा कापून बसवायचा आणि उच्च तापमानाला टिकणारं कॉकिंग लावायचं, आणि नंतरचं इन्सुलेशन नळीला टेकू नये म्हणून पत्र्याचीच एक कडी भोवती उभी करायची.

छतात गाडलेले जुने गोल दिवे असतील तर ते इन्सुलेशनला टेकले तरी चालणारे आहेत की नाहीत, हे त्यांच्या डब्यावरच्या शिक्क्यावरून कळतं. आय-सी असं लिहिलेलं नसेल तर दिव्यापासून तीन इंच जागा मोकळी सोडावी लागते, म्हणजे छतात एक उघडी खिडकीच राहिली. अशा दिव्यांच्या जागी हवाबंद, आय-सी शिक्क्याचे एलईडी बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला जे द्याल ते वाया जाणार नाही.

ॲटिकचं झाकण अगदी हमखास विसरलं जातं. बहुतेक घरांत ते नुसतं प्लायवूडचं पातळ फळकूट असतं. त्याच्या पाठीवर फोमबोर्डचे थर चिकटवा, चौकटीला वेदरस्ट्रिप (हवा अडवणारी मऊ पट्टी) लावा आणि झाकण दाबून बसेल अशी कडी घाला.

आता आपल्या घरांपुरतं एक. मराठी स्वयंपाकघरात वाफ जास्त असते. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दुपारी आमटी उकळतेय, संध्याकाळी बादलीभर कढत पाण्याने आंघोळ. बाथरूमचा पंखा ही वाफ बाहेर टाकतो असं आपण गृहीत धरतो, पण जुन्या घरांत त्याची नळी कित्येकदा ॲटिकमध्येच सोडून दिलेली असते. मग जानेवारीत छपराच्या आतल्या बाजूच्या खिळ्यांच्या टोकांवर हिमाचे पांढरे गोंडे दिसतात. मार्चमध्ये ते वितळतात, फायबरग्लास भिजतं, आणि खाली छतावर तपकिरी डाग उमटतो. लोक छपरवाल्याला बोलावतात, छप्पर मात्र धडधाकट असतं. तुमची नळी कुठे जाते ते बघा. ती छपरातून किंवा भिंतीतून पूर्ण बाहेर गेलीच पाहिजे, आणि ॲटिकमधून जाताना तिच्याभोवती इन्सुलेशन गुंडाळलेलं असलं पाहिजे. स्वयंपाकघराच्या चिमणीचंही तसंच, तिथे तर वाफेबरोबर फोडणीचं तेलही असतं. भिजलेलं फायबरग्लास निकामी होतं, म्हणून थर चढवण्याआधी हे झालंच पाहिजे.

एवढं झालं की मग थर. दक्षिण मिशिगन ऊर्जा-नकाशावर पाचव्या हवामान विभागात येतं. तिथे आधीच तीन-चार इंच इन्सुलेशन असलेल्या ॲटिकसाठी सरकारी एनर्जी स्टारची शिफारस एकूण आर-४९ ची आहे, आणि अगदी उघड्या ॲटिकसाठी आर-६० ची. हा आर म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. तुमच्या दबलेल्या चार इंचांचा आर अकराच्या आसपास असेल, म्हणजे वर आर-३८ घातलं की काम झालं. ६० पर्यंत ताणू का असं दुकानात कोणी विचारायला लावेल, म्हणून हिशेब सांगते. छतातून जाणारी उष्णता आरच्या उलट प्रमाणात कमी होते. आर-११ असताना छतामधून १०० डॉलरची उष्णता जात असेल तर आर-४९ ला ती २२ डॉलरवर येते. आर-६० केलं तर १८ वर. पहिल्या टप्प्याने ७८ वाचवले, पुढच्या टप्प्याने जेमतेम चार. ते जास्तीचे पैसे भोकांवर आणि गॅरेजवरच्या खोलीवर घाला.

जुनं फायबरग्लास कोरडं असेल, उंदीर-खारींनी घाण केलेलं नसेल, तर ते काढून टाकू नका. वरून नवीन घालायचं. काढून नेण्याचे पैसे घेणारे बरेच भेटतील.

रोल की उडवायचं सुटं फायबरग्लास, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्यासाठी तोच मोठा आहे. माझा कौल सुट्याला. १९५७ सालच्या ॲटिकमध्ये जॉइस्टमधली अंतरं सारखी नसतात, मध्ये तिरपे आधार असतात, वायरी आडव्या-उभ्या गेलेल्या असतात. रोल अशा जागी नीट बसवायला सवय लागते, आणि प्रत्येक सुटलेल्या कोपऱ्यातून उष्णता निघून जाते. सुटं फायबरग्लास मशीनने उडवलं की ते स्वतःच सगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसतं. मोठ्या दुकानांत ठरावीक संख्येने पिशव्या घेतल्या की मशीन दिवसभरासाठी बिनभाड्याने देतात. एकजण खाली मशीनमध्ये पिशव्या ओततो, दुसरा वर नळी धरतो. आर-३८ साठी साधारण १४ इंच जाडी लागेल, कारण सुट्याचा आर इंचामागे पावणेतीनच्या आसपास असतो, रोलचा तीनहून थोडा जास्त. इथे एक पथ्य पाळा. नुसती जाडी मोजून समाधान मानू नका, पिशव्या मोजा. जास्त हवा भरून फुगवलेला थर पट्टीवर १४ इंच दिसतो, आणि आर मात्र कमीच भरतो. १९७९ साली केलेल्या केंद्रीय नियमामुळे प्रत्येक पिशवीवर तक्ता छापावा लागतो: कोणत्या आरसाठी हजार चौरस फुटांना किमान किती पिशव्या आणि किमान किती जाडी. तुमचं क्षेत्रफळ काढा, तक्ता बघा आणि तितक्या पिशव्या संपल्याच पाहिजेत असं धरा. कंत्राटदाराकडून करून घेतलंत तरी रिकाम्या पिशव्या मोजून घ्या, चांगला माणूस त्याने नाराज होत नाही.

तरीही रोलच घालायचे ठरवलेत, तर कागद नसलेले घ्या. काही रोलना एका बाजूला तपकिरी क्राफ्ट कागद असतो, तो बाष्प अडवण्यासाठी असतो आणि त्याची जागा हिवाळ्यात ऊबदार असलेल्या बाजूला, म्हणजे छताला लागून. जुन्या थराच्या वर कागदवाला रोल टाकलात तर ओल दोन थरांमध्ये अडकेल. आधी जॉइस्टमधली पोकळी वरपर्यंत भरा, मग वरचा थर जॉइस्टना आडवा घाला, म्हणजे लाकडातून जाणारी उष्णताही झाकली जाते. वायर आली तर रोल तिच्यावर दाबू नका, अर्ध्या जाडीत फाडून एक भाग वायरखाली आणि एक वर घ्या. दाबणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. सव्वासहा इंचाचा आर-१९ चा रोल साडेतीन इंचांच्या खाचेत कोंबला तर तो आर-१३ चा होतो. पैसे एकोणीसचे दिलेत आणि मिळाले तेरा.

कडेला, जिथे छप्पर उतरून भिंतीला भेटतं, तिथे बॅफल बसवायला विसरू नका. प्लास्टिकची किंवा फोमची ही पन्हाळी छपराच्या फळ्यांना आतून ठोकतात. बाहेरच्या सॉफिटमधून, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूने, येणारी हवा तिच्यातून वर जाते आणि छपराची लाकडं कोरडी राहतात. हा रस्ता फायबरग्लासने बुजला तर ओल साचते. तुमच्याकडे वळचणीला बर्फाचे जाड बांध होत असतील तर त्याचंही कारण ॲटिकच आहे: वर निसटलेल्या उष्णतेने छपरावरचा बर्फ मधे वितळतो, खाली गार कडेला येऊन पुन्हा गोठतो, आणि त्यामागे साचलेलं पाणी छपराच्या आत शिरतं. पुढच्या वेळी बर्फ पडला की रस्त्यावर उभं राहून शेजाऱ्यांची छपरं आणि तुमचं छप्पर बघा. ज्याचा बर्फ आधी जातो त्याच्या घरातली ऊब आधी जाते.

चालताना पाय जॉइस्टवरच. मधल्या ड्रायवॉलवर पाऊल पडलं तर ते सरळ खालच्या खोलीत उतरतं. प्लायवूडचे दोन तुकडे सोबत घ्या आणि त्यांवर बसून पुढे सरका. काम एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सकाळी लवकर. जुलैत तिथे पन्नास अंश सेल्सिअसच्या वर जातं, त्या वेळी कोणीही वर चढू नये.

आता तुमची काचेची काळजी. ती रास्त आहे, म्हणून नीट सांगते. हा माल जवळच्या ओहायोतल्या टोलेडो शहराच्या काच कंपनीने १९३० च्या दशकात जगाला दिला, आणि त्यानंतर त्याच्यावर बराच अभ्यास झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने १९८८ साली काचेच्या लोकरीला 'कर्करोग होऊ शकेल' अशा गटात ठेवलं होतं. २००१ साली सगळे पुरावे पुन्हा तपासून घरच्या इन्सुलेशनची लोकर त्या गटातून काढली, आणि ज्यांच्याबद्दल तसं म्हणता येत नाही त्या गटात ठेवली. कारण हे धागे फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारखे टिकून राहत नाहीत, विरघळतात. अमेरिकेतल्या घरगुती फायबरग्लासच्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्यातला फॉर्मल्डिहाइडचा चिकटाही बंद केला. त्रास होतो तो खाज, डोळ्यांची चुरचुर आणि घशाची खवखव, आणि तोही मुख्यतः काम करणाऱ्याला. एन-९५ मास्क, बाजूनेही बंद असलेला चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, डोक्याला रुमाल. काम झालं की आधी गार पाण्याने अंग धुवा, मग कोमट. ते कपडे वेगळे धुवा, मुलाच्या कपड्यांबरोबर मुळीच नको.

मात्र दमा असलेल्या माणसाने काम चालू असताना घरात थांबू नये. ज्या दिवशी मशीन चालेल त्या दिवशी सासूबाई आणि मुलगा दोघंही ओळखीच्या एखाद्या घरी जाऊ देत. ॲटिकच्या झाकणाखाली प्लास्टिकचा पडदा लावा, फर्नेसचा पंखा बंद ठेवा, आणि सगळं झाल्यावर हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने खालची जमीन साफ करून घ्या. एरवी ॲटिकमधलं फायबरग्लास घरातल्या हवेत येत नाही. आणि भोकं बुजवलीत तर यायला रस्ताही उरत नाही; म्हणजे दम्याच्या दृष्टीनेही आधी भोकंच.

गॅरेजवरची खोली हा वेगळा आणि जरा अवघड विषय आहे, आणि सासूबाईंची तक्रार मुख्यतः तिथलीच आहे. त्यांच्या पायाखालच्या जमिनीत, गॅरेजच्या छताच्या आत बहुधा फायबरग्लास आहे, पण चुकीच्या जागी. ते खालच्या ड्रायवॉलवर निपचित पडलेलं असतं, आणि त्याच्या वर, जमिनीच्या फळ्यांखाली दोन-चार इंच पोकळी राहते. त्या पोकळीत बाहेरची गार हवा कडेने शिरते आणि सबंध खोलीखाली फिरते. गोधडी अंगावर न घेता पलंगाखाली अंथरावी तशातला तो प्रकार. गॅरेजच्या छताचा एक चौकोन कापून आत बघा. पोकळी दिसली तर दोन मार्ग: छताला भोकं पाडून पोकळी सुट्या फायबरग्लासने दाबून भरून घ्यायची, हे काम यंत्रवाल्याकडून करून घ्यावं, किंवा गॅरेजचं ड्रायवॉल उतरवून फायबरग्लासच्या नवीन बॅट्स (कापून आलेल्या सपाट गाद्या) जमिनीच्या फळ्यांना घट्ट चिकटतील अशा बसवून तारेच्या आधारांनी धरायच्या. पाचव्या विभागात अशा जमिनीला आर-३० लागतं. पुन्हा ड्रायवॉल लावताना ते पाच-अष्टमांश इंचाचं, आगीला टिकणारं 'टाइप एक्स' असलं पाहिजे, कारण वर माणूस झोपतो. आणि इथे कडा बुजवणं नुसत्या उबेसाठी नसतं. गाडीचा धूर त्याच फटींतून खोलीत येतो. गॅरेजमध्ये कुठलाही फोम उघडा ठेवू नका.

बेसमेंटमध्येही एक जागा आहे जिथे फायबरग्लास मुळीच कोंबू नये: भिंतीच्या वर, जिथे घराचं लाकूड काँक्रीटवर बसतं, ती रिम जॉइस्टची पट्टी. बहुतेक घरांत तिथे गुलाबी किंवा पिवळे तुकडे खोचलेले असतात. घरातली दमट हवा त्यांतून आरपार जाऊन गार लाकडावर दव होते आणि लाकूड कुजतं. ते तुकडे काढा, दोन इंच जाडीच्या कडक फोमबोर्डचे चौकोन कापून प्रत्येक खाचेत बसवा आणि चारही कडा डब्यातल्या फोमने बंद करा. आत येणारा गार वारा इथेच अडतो.

खिडक्यांबद्दल यजमानांना माझ्याकडून एवढंच सांगा की नव्या खिडक्यांचे पैसे बिलातून वसूल व्हायला फार वर्षं लागतात. सध्या आतून लावायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म आणा, हेअर ड्रायरने ताणून बसवा. स्प्रे फोम हा उत्तम माल आहे, बंद पेशींच्या फोमचा आर इंचामागे सहाच्या वर जातो. पण छपराला तो मारायची गरज तेव्हा असते जेव्हा फर्नेस किंवा डक्ट (गरम हवेच्या नळ्या) ॲटिकमध्ये असतात. तुमची फर्नेस बेसमेंटमध्ये असेल आणि डक्ट वर गेलेले नसतील, तर तुम्ही ॲटिक कशाला ऊबदार ठेवायचं? भिंतींमध्ये भरण्याचा खर्च सध्या नकोच.

घर घट्ट केल्यावर एक जोखीम येते, ती डोळ्यांआड करू नका. तुमचा गॅसचा गीझर किंवा फर्नेस जुन्या पद्धतीचा, धूर आपोआप धुराड्यातून वर जाणारा असेल, तर बंदिस्त घरात पंखे चालू असताना तो धूर उलटा घरात येऊ शकतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर लावा. सासूबाईंच्या खोलीबाहेरचा आजच लावा, बाकीच्या कामांची वाट बघू नका. काम झाल्यावर ऊर्जा-तपासनीसाला बोलावून धुराच्या ओढीची चाचणी करून घ्या. ब्लोअर-डोअर चाचणी करणारा तपासनीस सुरुवातीलाच बोलावता आला तर आणखी उत्तम. तो दाराला मोठा पंखा लावून घरातली हवा ओढतो आणि गळती आकड्यात मोजून देतो. काही शे डॉलर जातात, पण नंतरचे हजारो कुठे घालायचे ते कळतं.

आणि टॅक्स क्रेडिट. इन्सुलेशनच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत मिळणारं केंद्रीय क्रेडिट २०२५ साली झालेल्या कायद्याने बंद झालं. ३१ डिसेंबर २०२५ नंतर केलेल्या कामाला ते मिळत नाही. जो कंत्राटदार ते दाखवून भाव सांगतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. तुमच्या गॅस आणि वीज कंपन्यांच्या सवलती मात्र वेगळ्या असतात. माल विकत घेण्याआधी त्यांना फोन करून विचारा, कारण काही सवलतींना आधी तपासणी किंवा ठरलेला कंत्राटदार लागतो आणि स्वतः केलेलं काम त्यात बसतंच असं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं उत्पन्न कमी आहे, विशेषतः शिकत असलेली किंवा नोकरी गेलेली कुटुंबं, त्यांनी १९७६ पासून चालू असलेल्या केंद्रीय वेदरायझेशन योजनेसाठी आपल्या काउंटीत चौकशी करावी. त्यात पात्र घरांना हे काम फुकट करून मिळतं.

दुसऱ्या कंत्राटदाराकडून भाव मागवाल तेव्हा त्याला हे लिहून द्यायला सांगा: इन्सुलेशनआधी कुठली भोकं बुजवणार, बॅफल किती, बाथरूमची नळी बाहेर नेणार का, एकूण आर किती, आणि पिशव्या किती. या पाच ओळी ज्याच्या कागदावर नाहीत, त्याचा भाव कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नका.